पत कशी जोडावी



मराठी भाषेंत ‘पत’ हा शब्द अवघ्या दोन अक्षरांचा आहे. परंतु त्याच्या पोटीं अर्थ मोठा आहे. अमक्याची बाजारांत पत आहे, असें आपण म्हणतों, तेव्हां त्याच्या तिजोरींत किती रुपये आहेत हें आपण सांगत नसतों. त्याच्या शब्दावर दुसरा मनुष्य आपले रुपये किती निश्चिंतपणें सोपवील, हें सांगत असतों. धन आणि पत ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. धनवानाची पत बुडालेली आपण पाहतों. आणि ज्याच्या घरीं धानाच्या दोन-तीन बांध्यांपलीकडे कांहीं नाहीं, अशा मनुष्यास दुकानदार हंगामापर्यंत निःशंकपणें किराणा देतो, हेंही पाहतों. धन वारशानें मिळूं शकतें. पत ही ज्याची त्यानेंच जोडावी लागते.

कोहमारा हें चौफुलीचें गांव. पश्चिमेस साकोली व नागपूर, पूर्वेस देवरी व रायपूर, उत्तरेस गोंदिया, दक्षिणेस नवेगांवबांध व अर्जुनी मोरगांव. शाळा संपली कीं येथील मुलेंमुली ह्या चारी वाटांनीं महाविद्यालयांकडे जातात. आजवर त्यांस वडिलांच्या नांवाची सावली होती. गांवांत ‘अमक्याचा मुलगा’ एवढी ओळख पुरत असे. नागपुरांत ती पुरत नाहीं. तेथील बँकेस तुमचे वडील कोण, आजोबा कसे, हें ठाऊक नसतें. ती तुमच्या नांवाचा एक लेख मागविते, आणि त्या लेखाचें पान बहुधा कोरें निघतें. हें कोरें पान म्हणजे काय, त्यावर पहिली ओळ कशी लिहावी, आणि ती लिहितांना कोणत्या चुका टाळाव्या, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

आधीं थोडा इतिहास पाहूं. कारण हा प्रश्न नवा नाहीं. पूर्वीं मनुष्याची पत सावकाराच्या वहींत असे, आणि ती वही ऋणकोस वाचतां येत नसे. १८६५ मध्यें अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें आणि आपल्याकडील कापसाचे चढलेले भाव कोसळले. त्यांतच सरकारनें जमिनीचा सारा वाढविला, आणि दक्षिणेंतील कुणबी कर्जाच्या फेऱ्यांत सांपडला. ज्या खतावर आपण आंगठा उमटविला त्यांत मुद्दल किती व व्याज किती, हें त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. अखेर १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले; आणि पुढील दिवसांत पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं हें लोण पसरलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खतें हातीं आलीं कीं त्यांची होळी होई. सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदा झाला. जो हिशेब आपणांस वाचतां येत नाहीं तो आपली पत नव्हे, ती आपली बेडी होय, हा त्या घटनेचा बोध आहे. तो आजही जुना झालेला नाहीं.

त्याच काळीं जर्मनींत फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन (१८१८-१८८८) ह्या नांवाचा एक धर्मनिष्ठ गृहस्थ खेड्यांचा कारभार पाहत होता. दुष्काळांत व कर्जांत पिचणारे शेतकरी त्यानें डोळ्यांनीं पाहिले होते. १८६४ मध्यें हेडेसडोर्फ येथें त्यानें शेतकऱ्यांची एक पतसंस्था उभी केली. तिची कल्पना साधी होती. एकट्या गरिबाजवळ तारण ठेवण्यास कांहीं नसतें. परंतु एकाच गांवांतील, परस्परांस ओळखणारे अनेक गरीब एकत्र आले आणि एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी त्यांनीं घेतली, तर त्यांचें शील हेंच तारण होतें. मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकोल्सन ह्या अधिकाऱ्यास ह्या पद्धतीचा अभ्यास करण्यास सांगितलें. त्याचा अहवाल १८९५ ते १८९७ ह्या काळांत प्रसिद्ध झाला, आणि १९०४ मध्यें हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या तालुक्यांत खरिपाचें पीककर्ज देणाऱ्या सेवा सहकारी संस्था ह्या त्याच वृक्षाच्या फांद्या होत.

वृक्ष वाढला, परंतु सावली सर्वांस मिळाली नाहीं. १९५१-५२ मध्यें देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली, तेव्हां खेडुतांच्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास निघाला. बाकीचा बहुतेक भार सावकारांवरच होता. जिच्या नांवावर जमीन नाहीं अशा स्त्रीस तर बँकेचें दारच नव्हतें. तें दार उघडण्याचें पुष्कळसें श्रेय बचत गटांस आहे. १९९२ मध्यें नाबार्ड ह्या संस्थेनें ५०० गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला, आणि आज आपल्या गांवोगांवीं असे गट आहेत. तुमच्यापैकीं कित्येकांच्या आया त्यांच्या सभासद असतील. त्यांची रीत नीट पाहा. दहा-वीस स्त्रिया प्रथम दर महिन्यास ठराविक बचत करितात. कांहीं महिन्यांनीं त्या जमलेल्या पैशांतून आपसांत लहान कर्जें देतात. घेतलेलें कर्ज ठरल्या दिवशीं परत येतें आणि वहींत त्याची नोंद होते. ही वही पाहून मगच बँक पुढें येते व मोठी रक्कम देते. बचत, लहान कर्ज, वेळेवर फेड, नोंद, आणि मग मोठें कर्ज, असा तो क्रम आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें पत जोडण्याचा क्रमही हाच. तो शिकावयास दूर जाण्याची गरज नाहीं, आईला विचारलें तरी पुरे.

आतां आजची वही कशी असते तें पाहूं. २००० सालीं सिबिल ही संस्था स्थापन झाली आणि २००५ सालीं संसदेनें पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांसाठीं कायदा केला. आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या अनुज्ञेनें काम करितात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपल्या ऋणकोनें किती कर्ज घेतलें, हप्ता कोणत्या दिवशीं भरला, किती दिवस उशीर केला, हें बँका व कर्ज देणाऱ्या इतर कंपन्या ह्यांस कळवितात. जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्यास कळवावी, असा नियम झाला. म्हणजे पूर्वीं महिनाभरानें उमटणारी चूक आतां लौकर उमटते, आणि सुधारणाही लौकर उमटते. ह्या नोंदींवरून ३०० ते ९०० पर्यंतचा एक गुणांक काढतात. गुणांक जितका ९०० च्या जवळ, तितका बँकेचा विश्वास अधिक.

ह्या लेखांत काय नसतें, हेंही समजून घ्यावें. कारण त्याविषयीं लोकांत भ्रम आहेत. तुमच्या बचत खात्यांत किती शिल्लक आहे, परीक्षेंत किती गुण मिळाले, जात कोणती, धर्म कोणता, हें त्यांत नसतें. मोबाइलवरून दुकानदारास दिलेले पैसे त्यांत येत नाहींत. गांवच्या दुकानदाराची उधारी तुमच्या वडिलांनीं वीस वर्षें बिनचूक फेडली असेल, तरी तिची एक ओळही तेथें सांपडणार नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, तो लेख मनुष्याच्या योग्यतेचें माप नव्हे. नोंदविलेल्या कर्जांच्या फेडीचें तें माप आहे. ज्याचा गुणांक कमी तो अप्रामाणिक, असें मानूं नये. आणि ज्याचा अधिक तो साधु, असेंही मानूं नये. परंतु परक्या शहरांतील परक्या मनुष्यास तुम्हांस ओळखण्याचें दुसरें साधन नसतें, म्हणून ह्या मापाची उपेक्षा करून चालत नाहीं.

ज्यानें कधीं कर्जच घेतलें नाहीं, त्याचें पान कोरें असतें. येथें एक गंमतीचा पेंच पडतो: नोंद नाहीं म्हणून कर्ज नाहीं, आणि कर्ज नाहीं म्हणून नोंद नाहीं. ह्याविषयीं रिझर्व्ह बँकेचें म्हणणें स्पष्ट आहे. प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाहीं एवढ्याच कारणानें नाकारूं नये, असें बँकांस सांगण्यांत आलें आहे, आणि २०२५ मध्यें सरकारनें लोकसभेंतही तें सांगितलें. अमुक गुणांक असलाच पाहिजे, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम नाहीं. कोणी अधिकारी कोरें पान दाखवून तुम्हांस परत पाठवूं लागला, तर नम्रपणें पण ठामपणें हें सांगावें आणि नकाराचें कारण लेखी मागावें.

आतां पायऱ्या सांगतों.

पहिली पायरी शाळेंतच चढतां येते. १० वर्षांवरील मुलास स्वतः चालवितां येईल असें बचत खातें बँका आपल्या धोरणानुसार उघडूं शकतात, अशी परवानगी रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०२५ मध्यें दिली आहे. खातें उघडावें, दर महिन्यास कांहीं तरी टाकावें, आणि पासबुक स्वतः वाचावें. ह्यानें गुणांक मिळणार नाहीं. मात्र हिशेब वाचण्याची संवय लागेल, आणि बाकीच्या सर्व पायऱ्या त्याच संवयीवर उभ्या आहेत. थेंबे थेंबे तळें साचे ही म्हण तळ्यांच्या ह्या जिल्ह्यांत समजावून सांगावी लागूं नये.

दुसरी पायरी वयाचीं १८ वर्षें पूर्ण झाल्यावर येते, कारण त्यापूर्वीं केलेला कर्जाचा करार कायद्यानें बंधनकारक होत नाहीं. स्वतःचा पॅन क्रमांक घ्यावा. नांव, जन्मतारीख व पत्ता आधारपत्रावर, गुणपत्रिकेवर आणि बँकेंत एकसारखे असावे. एका अक्षराच्या फरकानें दुसऱ्याचें कर्ज आपल्या नांवावर दिसण्याचे प्रकार होतात.

तिसरी पायरी म्हणजे पहिलें लहान कर्ज. ज्यास उत्पन्न नाहीं त्या विद्यार्थ्यास मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारें क्रेडिट कार्ड हा त्यांतल्या त्यांत सुरक्षित मार्ग आहे. उदाहरणार्थ, तुम्हीं १०,००० रुपये मुदत ठेवींत ठेवले आणि बँकेनें ८,००० रुपयांच्या मर्यादेचें कार्ड दिलें. ठेवीवर व्याज चालूच राहतें. कार्डावर महिन्यास पुस्तकें व बसचा पास मिळून १,५०० रुपये खर्च करावे, आणि देयक आलें कीं ठरल्या तारखेच्या आधीं पूर्ण १,५०० भरावे. व्याज शून्य, आणि नोंद चांगली. मर्यादेच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम नित्य वापरूं नये. जो नेहमीं कांठोकांठ उचलतो तो अडचणींत आहे, असें धनको समजतो.

कार्डाच्या देयकावर ‘किमान देय रक्कम’ असा एक लहान आंकडा असतो. तो दिसण्यांत दयाळू, पण स्वभावानें कठोर आहे. समजा, तुम्हीं ८,००० रुपये उचलले आणि महिन्याच्या शेवटीं किमान रक्कम म्हणून केवळ शेकडा ५, म्हणजे ४०० रुपये भरले. कार्डाचें व्याज महिन्यास शेकडा साडेतीनच्या घरांत असतें. ८,००० वर तें २८० रुपये झालें. त्या व्याजावर शेकडा १८ कर, म्हणजे सुमारें ५० रुपये. ४०० मधून ३३० गेले, आणि मुद्दलांत फिटले अवघे ७०. ह्या गतीनें चाललेला मनुष्य कोठें पोंचेल, हें गणिताच्या वर्गांतील कोणताही मुलगा सांगूं शकेल. सुपें येथील कुणब्यास खत वाचतां येत नव्हतें. तुम्हांस देयक वाचतां येतें. न वाचण्यास आतां सबब उरली नाहीं.

चौथी पायरी शैक्षणिक कर्जाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकांनीं तारण मागूं नये, असा नियम आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादींतील उच्च शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण व जामीन ह्यांवांचून कर्ज मिळतें, आणि ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, योजनेच्या अटींनुसार, शिक्षण चालू असेपर्यंत व पुढें एक वर्ष व्याजांत शेकडा ३ ची सवलत मिळूं शकते. प्रवेशाच्या आधीं आपलें महाविद्यालय त्या यादींत आहे कीं नाहीं, हें पाहावें.

शैक्षणिक कर्जाची फेड सामान्यतः शिक्षण संपल्यावर एक वर्षानें सुरू होते. पुष्कळांस वाटतें कीं, तोंवर व्याजही थांबतें. तसें नसतें. समजा, चार वर्षांच्या शिक्षणासाठीं दरवर्षीं आरंभीं १ लाख याप्रमाणें ४ लाख उचलले, आणि व्याजाचा दर शेकडा ९ आहे. पहिल्या वर्षीं महिन्यास व्याज ७५० रुपये, दुसऱ्या वर्षीं १,५००, तिसऱ्या वर्षीं २,२५०, चौथ्या वर्षीं ३,०००. शिक्षण संपेपर्यंत व्याज ९०,००० होतें, आणि पुढील एका वर्षाचे ३६,००० धरून १,२६,०००. ज्या घरास शक्य असेल त्यानें निदान पहिल्या वर्षांचें हें लहान व्याज महिन्याच्या महिन्यास भरावें. शिकवणीचे दोन विद्यार्थी मिळाले, तर ७५० रुपये विद्यार्थी स्वतःही मिळवूं शकतो. त्यानें पुढील ओझें हलकें होतें, आणि कमवावयास लागण्यापूर्वींच घेतलेल्या शब्दाची आठवण ठेवणारा म्हणून त्याची ओळख होते.

पांचवी पायरी तपासणीची. वर्षांतून एकदां प्रत्येक कंपनीकडून आपला पूर्ण लेख विनामूल्य मिळण्याचा हक्क आपणांस आहे. स्वतः मागविल्यानें गुणांक कमी होत नाहीं. त्यांत न घेतलेलें कर्ज किंवा फेडलेलें असूनही बाकी दाखविलेली रक्कम दिसली, तर तत्काळ लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झालें नाहीं, तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलांत आहे. १८७५ मधील खत जाळावें लागलें. आजचा लेख वाचतां येतो, आणि चुकला असेल तर दुरुस्त करवितां येतो. सुधारणा झाली ती हीच.

आतां ज्या खड्ड्यांत चांगलीं मुलें पडतात, त्यांविषयीं दोन शब्द.

पहिला खड्डा मैत्रीच्या वाटेवर आहे. ‘माझ्या नांवावर हप्त्यानें मोबाइल मिळत नाहीं, तुझ्या नांवावर घे, हप्ते मी भरीन,’ असें मित्र म्हणतो. कागद ज्याच्या नांवावर, कर्ज त्याचें. मित्राचा हप्ता चुकला कीं काळी खूण तुमच्या लेखांत उमटते, आणि ती नोंद वर्षानुवर्षें राहते. जामिनाचेंही तेंच. १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें, करारांत निराळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या बरोबरीची असते. आधीं त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असें जामीन म्हणूं शकत नाहीं. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या पुस्तकांतही दुसऱ्यास जामीन राहण्याविषयीं एकदां नव्हे, अनेकदां सावध केलें आहे. मित्रास मदत अवश्य करावी. खिशांत असेल तें द्यावें, पण आपलें नांव उसनें देऊं नये.

दुसरा खड्डा मोबाइलच्या अ‍ॅपवर पांच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाचा. रिझर्व्ह बँकेचा नियम असा कीं, कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यांत यावी, व्याज व सर्व खर्च सांगणारें एक पत्रक आधीं द्यावें, आणि अ‍ॅपनें ऋणकोच्या मोबाइलमधील ओळखीच्यांची यादी व छायाचित्रें ह्यांस हात लावूं नये. नियमाखालीं येणाऱ्या संस्थांच्या अ‍ॅपांची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहतां येते. जें अ‍ॅप यादींत नाहीं आणि यादीच मागतें, त्यास स्पर्श करूं नये. कोणी धमकावूं लागला, बदनामीचें भय दाखवूं लागला, तर लाजेनें गप्प बसूं नका. त्याच दिवशीं घरीं सांगा, शिक्षकांस सांगा, आणि १९३० ह्या क्रमांकावर तक्रार करा. कर्ज ही लाज नव्हे. लाजेनें लपविलेलें कर्ज मात्र प्राणावर बेततें. गांवांतील खाजगी सावकारासही महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्याप्रमाणें परवाना लागतो, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

तिसरा खड्डा घाईचा. एका महिन्यांत चार-पांच ठिकाणीं कर्जाचे अर्ज केले, तर प्रत्येक ठिकाणची चौकशी लेखांत नोंदली जाते आणि मनुष्य गरजेनें धांवत आहे असें दिसतें. चौथा खड्डा तडजोडीचा. थकलेलें कर्ज अर्धेमुर्धे भरून मिटविलें, तर ‘तडजोडीनें मिटलें’ अशी नोंद होते. ती ‘पूर्ण फिटलें’ ह्या नोंदीसारखी मानीत नाहींत. हप्ता भरणें अशक्य झालें, तर चुकण्यापूर्वींच बँकेंत जाऊन मुदत वाढवून मागावी. आधीं येऊन सांगणारा ऋणको आणि तोंड चुकविणारा ऋणको, ह्यांतील भेद बँकेसही कळतो.

पालकांस एक विनंति आहे. मुलाच्या शैक्षणिक कर्जांत तुम्ही सहकर्जदार असतां. म्हणून बँक प्रथम तुमचा लेख उघडते. पीककर्ज, ट्रॅक्टरचें किंवा मोटारसायकलचें कर्ज, गटाच्या अगर मायक्रोफायनान्स कंपनीच्या कर्जाचे हप्ते, आणि कोणास दिलेला जामीन, हें सर्व त्यांत येतें. आज थकलेला एक हप्ता चार वर्षांनीं मुलीच्या प्रवेशाच्या वेळीं समोर उभा राहूं शकतो. म्हणून मूल नववींत असतांनाच आपला लेख एकदां मागवून पाहावा. चुका दुरुस्त करण्यास वेळ मिळतो. ३ लाखांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें व्याजांत शेकडा ३ ची सूट मिळते आणि दर ७ चा ४ वर येतो. म्हणजे वेळ पाळण्याचा लाभ पैशांतही आहे. उलट बाजूनें, मुलानें नोकरी लागल्यावर हप्ते चुकविले तर डाग दोघांच्या नांवांस लागतो. शैक्षणिक कर्ज हा बाप-लेकांनीं, माय-लेकींनीं मिळून दिलेला शब्द आहे. घरांत त्याविषयीं उघड बोलणें व्हावें. किती घेतलें, किती फिटलें, हें मुलांस ठाऊक असावें. वडिलांची काळजी मुलांपासून लपविली कीं मुलें पैशाविषयीं निष्काळजी होतात.

येथें एक शंका येईल. पत जोडावयाची म्हणून गरज नसतांना कर्ज काढावें काय? मुळींच नाहीं. ऋण काढून सण करूं नये, अशी आपली जुनी म्हण आहे, ती खोटी झालेली नाहीं. ज्यास शिष्यवृत्तीनें व घरच्या पैशानें शिकतां येतें, त्यानें आनंदानें तसें शिकावें. त्याचें पान कोरें राहिलें तरी तें मळलेलें नसतें, आणि पुढें लिहितां येतें. परंतु कर्ज घ्यावयाचेंच असेल, तर तें ज्ञान किंवा उत्पन्न वाढविणारें असावें, आपल्या आवांक्यांतील असावें, नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून असावें, आणि फेडीची तारीख परीक्षेच्या तारखेइतकीच पक्की मानावी.

आपल्या ह्या भागांतील कोहळी लोकांनीं बांधलेले जुने तलाव तुम्हीं पाहिले आहेत. तलावाची पाळ एका दिवसांत उठली नाहीं; टोपलीमागें टोपली माती पडत गेली, तेव्हां ती उभी राहिली, आणि आज तिच्या भरंवशावर खालच्या बांध्यांत रोवणी होते. त्याच पाळीस खेंकड्यानें एक बीळ पाडलें आणि कोणी लक्ष दिलें नाहीं, तर एका पावसाळी रात्रींत सारें पाणी निघून जातें. पत अशीच आहे. ७५० रुपयांचें व्याज, १,५०० रुपयांचें देयक, ग्रंथालयाचें पुस्तक ठरल्या दिवशीं परत करणें, मित्राचे घेतलेले वीस रुपये न मागतां देणें, ह्या त्या मातीच्या टोपल्या होत. ह्यांतील शेवटच्या दोहोंची नोंद कोणतीही कंपनी ठेवीत नाहीं. पण पहिल्या दोहोंस लागणारें बळ ह्या शेवटच्या दोहोंतूनच येतें. म्हणून आरंभ तेथूनच करावा, आणि त्यास १८ वर्षें पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाहीं.